द्राक्षांपेक्षा स्वस्त वाइन

ताईचं नाशिकला सिडकोत पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे पोळ्या लाटणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, "मावशी, पोळीला कणकेचा जेवढा खर्च येतो त्याहून कमी भावात पोळी विकायची, असं ताई म्हणाली तर?" लाटणं न थांबवता मावशी म्हणाल्या, "मग ताईंना आधी डॉक्टरकडे न्या."

ताईचा मुलगा दोन महिने नेमका हाच धंदा करत होता. पोळ्यांचा नाही, वाइनचा. द्राक्षांच्या गावचा पोरगा, द्राक्षं घ्यायचा, वाइन करायचा आणि द्राक्षांपेक्षा स्वस्तात विकायचा. अर्थात हे सगळं मोबाइलवर, ओल्ड स्कूल रूनस्केप नावाच्या ऑनलाइन गेममध्ये.

मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे हिशेब बघतो. दिवाळीत भाचा फोन पुढे करून म्हणाला, "मामा, तू हिशेबातला माणूस ना? मग सांग, माझे पैसे गेले कुठे?" हे प्रकरण त्या प्रश्नापासून सुरू झालं.

खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा गेम. २००७ सालची जुनी आवृत्ती खेळाडूंनी मतदान करून परत मागितली आणि २०१३ मध्ये ती सुरू झाली. २०१८ पासून तेच खातं मोबाइलवरही चालतं. चित्रं अगदी साधी, त्यामुळे भाच्याच्या चार वर्षं जुन्या फोनवर छान पळतो. गेममध्ये स्वयंपाक हे एक कौशल्य आहे. रांधाल तितके एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात. गुण साठले की लेव्हल वाढते, आणि वरचं टोक ९९. रांधलेलं अन्न लढाईत लागतं, कारण जखमी झालेला खेळाडू खाऊन बरा होतो. म्हणजे अन्नाला गिऱ्हाईक कायम आहे. विक्रीसाठी व्हॅरॉक शहराजवळ ग्रँड एक्स्चेंज नावाचा बाजार आहे. आपण भाव लिहून माल लावायचा, घेणारा त्याचा भाव लिहितो, दोन्ही जुळले की सौदा. समोरचा कोण हे कळत नाही. बाजार समितीचं आवार, फक्त अडत्या नाही आणि आरडाओरडा नाही.

भाच्याचं खातं फुकटचं. सगळा गेम खुला व्हायला मेंबरशिप लागते आणि ती गेममधल्याच नाण्यांनी घेण्याची सोय आहे. बाँड नावाची वस्तू बाजारातून विकत घेतली की १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. कुणीतरी खरे पैसे देऊन कंपनीकडून बाँड घेतलेला असतो आणि तो नाण्यांच्या बदल्यात विकतो. गेली एक-दोन वर्षं त्याचा भाव एक कोटी नाण्यांच्या पुढेच आहे. भाच्याचा बेत सरळ होता. फुकटच्या खात्यात जमणारा चांगला धंदा कोणता? वाइन. लेव्हल ३५ ला येते, शिकायला सोपी, कच्चा माल बाजारात ढिगाने. करायची, विकायची, कोटी जमवायचे, बाँड घ्यायचा.

कृतीत अवघड काही नाही. २८ जागांची पिशवी. १४ जागांत द्राक्षं, १४ जागांत पाण्याने भरलेले जग. एक द्राक्ष आणि एक जग मिळून एक वाइन. चौदा व्हायला सुमारे १७ सेकंद, मग बँकेत ठेव, पुन्हा चौदा-चौदा काढ. शेवटची वाइन केल्यावर १२ सेकंदांनी सगळी एकदम आंबते आणि दर जगामागे २०० एक्सपी जमा होतात. लेव्हल ६८ होईपर्यंत काही जग बिघडतात. त्यापुढे एकही नाही.

भाच्याने फोनच्या नोट्समध्ये रोजची नोंद ठेवली होती, हे मला फार आवडलं. पण नोंदीत एकच रकाना: "आज विकून आले". खरेदीचा रकाना नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या दुकानदारांचीही हीच गत, तेव्हा पोराला हसलो नाही.

खरेदीचा रकाना आम्ही घातला. द्राक्षं, पाणी आणि वाइन यांचे भाव रोज हलतात. खेळाडूंनी चालवलेल्या विकीवर ते जवळजवळ त्याच क्षणी दिसतात, कारण रूनलाइट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे सौदे तिथे नोंदले जातात. ताजा भाव कुणीही बघून घ्यावा. इथे समजण्यापुरते आकडे धरतो: द्राक्षं आणि पाणी मिळून ३० नाणी, तयार वाइन २०. जगामागे १० चा तोटा.

तू किती जग केलेस, विचारलं. त्याला आठवेना, पण लेव्हल ९९ झालेली होती, तेव्हा मोजायला सोपं होतं. लेव्हल ३५ ला २२,४०६ एक्सपी लागतात आणि ९९ ला १,३०,३४,४३१. फरक भागिले २००, म्हणजे बिघडलेले सोडून ६५,०६१ जग. चौदाच्या खेपा धरल्या तर ४,६४८. एका खेपेला बँकेसकट २५ सेकंद धरले तरी ३२ तासांच्या वर नुसतं बोट चालवणं. मोबाइलवर त्याहून जास्तच. आणि आमच्या धरलेल्या भावाने तोटा साडेसहा लाख नाण्यांचा. तोटा भरून काढायला तो अधूनमधून मासे पकडून, लाकडं तोडून पैसे आणायचा आणि पुन्हा द्राक्षांत घालायचा. ही सवय आमच्याकडे खरोखरच्या द्राक्षबागायतदारांमध्येही आहे, पण तो विषय ताईसमोर काढत नाही.

"पण मामा, मी तर वस्तू बनवत होतो. कच्च्यापेक्षा पक्कं महाग पाहिजे ना?"

पाहिजे, पण हा बाजार वेगळा आहे. वाइन करणाऱ्यांपैकी वाइन विकायला आलेले थोडे. बाकीच्यांना हवी आहे लेव्हल. फुकटच्या खात्यापासून जुन्या खेळाडूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, की पटकन आणि स्वस्तात ९९ करायचं तर स्वयंपाक, आणि स्वयंपाकात वाइन. जगामागे १० नाणी गेली तर ते म्हणतात, दोनशे एक्सपी दहा नाण्यांत पडले, छान. त्यांच्या लेखी तो तोटा नाही, फी आहे. फी भरल्यावर हातात हजारो जग उरतात. ते कुठेतरी टाकायचे म्हणून बाजारात, मिळेल त्या भावाने.

साखर कारखान्याशेजारी राहिलेल्याला हे लगेच कळेल. ऊस गाळला जातो साखरेसाठी. मळी मागून येतेच. मळीला भाव नाही म्हणून कुणी गाळप थांबवत नाही. या गेममध्ये एक्सपी ही साखर आणि वाइन ही मळी. माझा भाचा ऊस विकत घेऊन, स्वतः गाळून, साखर डोळ्यांनी बघत मळीवर नफा शोधत होता.

त्यात बाजाराची एक बारीक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. फुकटच्या खात्याला ग्रँड एक्स्चेंजमध्ये तीनच खिडक्या मिळतात. त्याच्या तिन्ही भरलेल्या: द्राक्षं खरेदी, पाणी खरेदी, वाइन विक्री. आणि घाई इतकी की खरेदीला ५ टक्के वाढवण्याचं बटण, विक्रीला ५ टक्के उतरवण्याचं बटण, दोन्ही डोळे मिटून दाबायचा. तिथला नियम असा की जी मागणी किंवा विक्री आधीपासून लागलेली आहे तिच्या भावाने सौदा होतो. म्हणजे जो धीर धरून आधी बसलाय त्याचा भाव चालतो, आणि उशिरा येऊन घाई करणारा दोन्ही बाजूंना थोडं थोडं सोडतो. रात्री झोपताना भाव लावून ठेवायचा आणि सकाळी कॉलेजच्या बसमध्ये उचलायचा, एवढ्यानेही तोटा घटला असता.

वाइन घेतो तरी कोण? वाइनचा एक जग प्यायला की ११ गुण जीव भरतो, पण हल्ल्याची ताकद २ ने उतरते. म्हणून लढणारे तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. तिचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे खिसेकापू. गेममध्ये चोरी हेही एक कौशल्य आहे. शूरवीरांचे खिसे कापताना पकडला गेलात की फटका बसतो आणि चोराला स्वस्तातलं काहीतरी भराभर गटकायचं असतं. हल्ल्याची ताकद कमी झाली काय, वाढली काय, त्याला सोयरसुतक नाही. दुसरं गिऱ्हाईक मार्च २०२४ मध्ये आलं. वारलामोर नावाचा नवा प्रदेश खुला झाला, आणि तिथे वाइन देवापुढे पवित्र करून हाडांच्या पवित्र केलेल्या शकलांसोबत अर्पण केली की प्रार्थनेचं कौशल्य वाढतं. वाइनच्या एका जगामागे ४०० शकलं. चोर आणि भक्त, दोघेही जगच्या जग रिचवणारे. तरी मळीचा पुरवठा असा आहे की कारखानेच कारखाने मागे उभे.

सरकारी वाट्याचंही बघून घेतलं, सवयच ती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये विक्रीवर १ टक्का कर आला, २०२५ च्या मे महिन्यात तो २ टक्के झाला. त्या नाण्यांतून कंपनी बाजारातल्या वस्तू विकत घेऊन नष्ट करते, म्हणजे महागाईवर उपाय. पण कर पूर्णांकात खाली उतरवतात. म्हणजे ५० नाण्यांखालच्या मालाला कर शून्य. वाइन त्यात बसते. माझ्या पेशातल्या माणसाला सवलत दिसली की बरं वाटतं, मग विकणारा तोट्यात का असेना.

मग करायचं काय?

त्याच्या जुन्या नोंदी चाळताना एक ओळ दिसली. पहिल्या आठवड्यात पैसे कमी होते तेव्हा तो भरलेले जग न घेता रिकामे घेऊन कारंज्यावर भरायचा. "कंटाळवाणं काम, पण भरलेले विकले तर थोडे सुटतात," असं त्याने लिहिलं होतं. पुढे मात्र ते सोडून दिलं होतं.

सगळ्या प्रकरणाचं उत्तर त्या ओळीत होतं. जग पाण्याने भरायला एक्सपी मिळत नाहीत. म्हणून ते काम फी भरून करायला कुणी येत नाही. ज्यांना वाइन करायची आहे ते भरलेले जग घेतात आणि भरणावळ देतात. ज्या कामावर एक्सपीचं मीटर फिरतं तिथे मजुरी उणे, आणि मीटर बंद असतं तिथे मजुरी रोख. मी वहीवर रेघ मारून दोन बाजू केल्या: कोणत्या पायरीला किती एक्सपी, आणि त्या पायरीने भाव किती चढतो किंवा उतरतो. दिवाळीच्या चार दिवसांत भाच्याने इतकं मन लावून केलेलं हे एकच काम.

फुकटच्या खात्यात पहिला प्रयोग अँचोवी पिझ्झाचा. साधा पिझ्झा विकत घ्यायचा, शिजवलेले अँचोवी मासे विकत घ्यायचे आणि एकावर एक ठेवायचं. लेव्हल ५५, एक्सपी ३९. वाइनच्या २०० पुढे काहीच नाही, म्हणून लेव्हलवाले इकडे फिरकत नाहीत. आणि गिऱ्हाईक पक्कं. फुकटच्या खात्यांत एकमेकांना मारत फिरणाऱ्यांची टोळकी असतात. त्यांच्या पिशवीत स्वोर्डफिश असतो, एक खाल्ला की १४ भरतात, संपला. पिझ्झा दोन घासांत ९ आणि ९ भरतो, म्हणजे एका जागेत १८. पिशवीला २८ जागा, त्यामुळे जागेचा हिशेब त्यांना आमच्याहून चोख येतो. शनिवारी रात्री माल लवकर उठायचा, मंगळवारी पडून राहायचा. कधी पिझ्झामागे बरे सुटायचे, कधी कर जाऊन हातात वारा. पण वाइनसारखा रोजचा खड्डा नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यानेच कोटीचा भागाकार केला. पिझ्झामागे ३० सुटतात असं धरलं तरी एक कोटीला ३,३३,३३४ पिझ्झे. शिवाय कुठलाही माल चार तासांत ठरावीक नगांपेक्षा जास्त विकत घेता येत नाही. पोराचा चेहरा पाहून ताई म्हणाली, "काय रे, रिझल्ट लागला का?"

बाँड शेवटी मीच घेऊन दिला, भाऊबीजेची उलटी ओवाळणी. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. फुकटच्या खात्यातून, नुसत्या अन्नाच्या धंद्यावर बाँड घेणं हे हातगाडीवर वडे विकून फ्लॅट घेण्यासारखं आहे. घेणारे असतात. भाचा त्यातला नाही.

मेंबर झाल्यावर त्याने आधी स्वयंपाकाची झूल घेतली. ९९ झालेल्याला स्वयंपाक्यांच्या गिल्डमधला मुख्य आचारी ती ९९,००० नाण्यांना विकतो. ती अंगावर असली की काहीही करपत नाही. यात धंदा आहे असं त्याला वाटलं. शार्क मासा लेव्हल ८० ला शिजवता येतो, पण खास हातमोजे घातले तरी ९४ पर्यंत अधूनमधून करपतोच. बाकीच्यांचे करपणार, आपले नाही, म्हणजे आपल्याला नफा! हिशेब मांडला आणि पुन्हा तेच. करपण्याचा तोटा सोसूनही कच्चा शार्क चढ्या भावाने घेणारे उभे, कारण त्यांना दर माशाला २१० एक्सपी हवेत. कच्चा आणि पक्का यांच्यात झुलीला पुरेल एवढी फट उरत नव्हती. नवी झूल घालून तो बाजारात नुसताच उभा राहिला.

मग अननसाचा पिझ्झा. तीच युक्ती, फक्त मेंबरांची: दोन घासांत २२ भरतात. अननस सुरीने कापायचं काम वेगळं, त्याला एक्सपी नाहीत, म्हणून तेही चार पैसे देतं. हे बरं चाललं.

खरी गंमत समर पायमध्ये झाली. पाय म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरून भाजायचा इंग्रजी पदार्थ. लेव्हल ९५ ची ही पाककृती. एका पायमध्ये दोन घास, प्रत्येकी ११ भरतात. पण लोक ती पोटासाठी घेत नाहीत. तिने चपळाईचं कौशल्य तात्पुरतं ५ लेव्हलने वाढतं आणि पळण्याची दमछाक थोडी भरून येते. ज्याची चपळाई ८५ आहे त्याला ९० ची वाट पाय खाऊन पार करता येते. गिऱ्हाईक मोजकं, पण त्याला दुसरा पर्याय थोडाच.

करायला मात्र किचकट. पीठ भिजवा, ताटलीत घाला, मग स्ट्रॉबेरी, मग कलिंगड, मग सफरचंद, एकेक करून. यातल्या कुठल्याही पायरीला एक्सपी जवळजवळ नाहीत. सगळे २६० एक्सपी शेवटच्या भाजण्यात. आणि लेव्हल ६५ च्या जादूगारांकडे पाय भाजण्याचा मंत्रच असतो, ज्यात पाय कधी करपत नाही. त्यांना भाजायची इतकी हौस की भरून ठेवलेला कच्चा पाय ते आनंदाने विकत घेतात.

भाच्याने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. "मामा, मी भाजतच नाही. कच्चाच विकतो."

"झूल?"

"घातलीय ना. शोभेला."

ताईच्या केंद्रात हल्ली तयार कणकेचे गोळे पाकिटातून विकतात, पोळ्या घरी जाऊन लाटा म्हणून. मावशींना हा प्रकार अजिबात पटत नाही, पण संध्याकाळी सातनंतर पाकीट उरत नाही. भाच्याला हे आठवलं होतं की नाही ते त्याने सांगितलं नाही.

समर पायचा बाजार मात्र लहान आहे. त्याने एकदा हौसेने ढीग लावला तर तीन दिवस तसाच पडून, आणि भाव त्यानेच पाडला. आता थोडे पाय, थोडे अननसाचे पिझ्झे आणि परीक्षा आली की काहीच नाही, असं चाललंय. दुसरा बाँड स्वतःच्या नाण्यांनी येईल का, हे या वहीतून आज सांगता येत नाही. खरेदीचा रकाना तरी आता रोज भरतो.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. चोरीचं कौशल्य वाढवायला घेतलंय, आर्डूनच्या बाजारात शूरवीरांचे खिसे कापतोय, एका खिशात ५० नाणी. पकडला की फटका बसतो म्हणून खायला काहीतरी घ्यायला ग्रँड एक्स्चेंजवर गेला होता. खाली स्क्रीनशॉट: वाइनचे एक हजार जग, सौदा पूर्ण.

"मामा, द्राक्षांपेक्षा स्वस्त पडले बघ."